देवखोलचं तळं आणि तुटलेल्या चांदण्या

बेळगावच्या कॅम्पात माझा फोटो स्टुडिओ आहे. मागच्या भिंतीला एक रंगवलेला पडदा आहे. त्यावर तळं, तळ्यात दोन हंस, वर चंद्राची कोर आणि पेंटरने ब्रश झटकून उडवलेल्या चांदण्या. लढाई सुरू झाल्यापासून पलटणीतली पोरं या तळ्याकाठी येऊन उभी राहतात. छाती पुढं, हात बाजूला, पापणी हलवायची नाही. पोरगं बोटीवर चढतं आणि फोटो गावाकडं जातो. माझं घर याच पडद्यावर चाललंय, तेव्हा त्याला नावं ठेवायचं मला काही कारण नाही.

दिवाळी सरल्यावर एक बाई दुकानात आल्या. उन्हातून आल्यामुळे जरा वेळ दारातच डोळे मिचकावत उभ्या राहिल्या, मग सरळ पडद्यापाशी गेल्या आणि हंसांवरून बोट फिरवलं. पदराच्या गाठीतून फोटो काढला. माझाच होता.

"फोटूवाले अण्णा, ह्यो माझा नारू. तुमीच काढलाय न्हवं?"

"व्हय आक्का, मीच."

"त्यो तिकडं वाळूच्या मुलखात हाय. लिवतोय, हितं चांदण्या लई दिसत्यात, पर आपल्या तळ्यात दिसत्यात तशा न्हाईत. तळ्याचा फोटू धाड म्हनतोय. रातचा."

मला हसू आलं. म्हटलं, "आक्का, फोटोला उजेड लागतो. रात्री फोटो निघत नाही."

बाईंनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "तुमच्या दुकानात भर दुपारी रात व्हतीया. आमच्यात तर खरीच रात असतीया. तुमाला उलट सोपं."

बाईंचं नाव गंगाक्का. गाव देवखोल, चंदगडाच्या पलीकडं डोंगरात. नारू एकुलता एक. त्याचं हे पत्र दसऱ्याच्या आधी आलेलं, त्यानंतर काही नाही. बाई रडल्या नाहीत की विनवण्या केल्या नाहीत. "मागितलेलं मिळालं की मानूस जवाब लिवतंय," एवढंच म्हणाल्या. फोटो गेला म्हणजे पत्र येईल, असा त्यांचा साधा व्यवहार होता आणि त्या व्यवहारातला अर्धा भाग त्यांनी माझ्या अंगावर टाकला होता.

खरं सांगायचं तर मलाही खाज होती. एका गोऱ्या कॅप्टनने टाकून दिलेल्या मासिकात मी आकाशाचा फोटो पाहिला होता. प्लेट रात्रभर उघडी ठेवायची आणि ताऱ्यांच्या वाटाच्या वाटा काचेवर उमटू द्यायच्या. तेव्हापासून मनात होतं की आपल्याकडच्या डोंगरात, पाण्याकाठी, हे एकदा करून बघायचं. म्हटलं, अमावास्या धरून येतो.

सोबतीला कोण? रात्रीच्या फोटोचा मोठा वैरी म्हणजे दिवा. सोबत्याने मध्येच विडी पेटवली, चहाला चूल घातली, की प्लेट गेली. मला एकच माणूस आठवला, निपाणीचे आप्पा. मी लहानपणी निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जात असे. ती वखार त्यांच्या वडिलांची. पुढं मी बेळगावात येऊन एका फोटोग्राफरकडं प्लेटा धुवायला लागलो, स्वतःचं दुकान थाटलं, तरी आप्पांनी ओळख सोडली नाही. आप्पा जैन. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही, आणि ज्योतीवर किडे येऊन मरतात म्हणून दिवाही होता होईतो लावायचा नाही. आयुष्यभर तंबाखू विकली, विडी कधी ओढली नाही.

एका लग्नाच्या फोटोंसाठी निपाणीला गेलो तेव्हा वखारीत डोकावलो. तिथं बाहेरच्या माणसाला आधी शिंका येतात आणि मग बोलता येतं. माझ्या शिंका संपेस्तोवर आप्पांनी गादीवर जागा केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे रात्रभर अंधारात बसायचं, काही खायचं न्हाई, काही करायचं न्हाई?" ते म्हणाले. "दत्तू, ते मी घरी रोजच करतोय. चल."

तुम्हाला जायचं असेल तर आधी मोटारीचं ऐका. पेट्रोल सरकारने लढाईला नेलंय. चंदगडची सर्विस मोटार आता कोळशाच्या गॅसवर चालते. मागं एक भलंमोठं पिंप बसवलंय, त्यात कोळसा पेटवायचा, पंख्याने वारा घालायचा आणि गॅस धरेपर्यंत गप्प बसायचं. पहाटे या म्हणतात, निघते उजाडल्यावर. भाडं फार नाही, पण टपावरच्या सामानाचे आणे वेगळे घेतात. माझा लाकडी कॅमेरा, तिपाई आणि प्लेटांची पेटी मी मांडीवर घेऊन बसलो म्हणून ते वाचले आणि गुडघे गेले.

"किती वेळ वो अजून?" एकाने विचारलं.

ड्रायव्हर पिंपाला वारा घालतच म्हणाला, "चूल धरल्याबिगार भाकरी व्हतीया का?"

हिंडलग्याला तुरुंगाच्या वळणावर एक म्हातारी फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन उतरली. शेजारच्या बाईने विचारलं, "आत कोन हाय?" "ल्योक." "काय केलतं?" "झेंडा लावलता." ड्रायव्हरने तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. म्हातारी दिसेनाशी होईपर्यंत मोटार थांबून होती. गॅस कमी पडला होता, असं ड्रायव्हर म्हणाला.

शिनोळीच्या पुढं चढ लागले आणि सगळ्यांना उतरून ढकलायला लावलं. आप्पांनी पांढरंशुभ्र धोतर खोचलं. "तिकीट काढायचं आणि वर ढकलायचं, हे बरं हाय तुमचं."

मागून एक शेतकरी म्हणाला, "आप्पा, तिकीट बसायचं हाय. ढकलायचं तुमाला फुकटच दिलंय."

आप्पा इतके हसले की त्यांचा हात सुटला आणि त्यांच्या वाटणीची मोटार मला ढकलावी लागली.

चंदगडला उतरलात की खानावळीत जेवून घ्या, पुढं काही मिळत नाही. भात अव्वल, आमटी तिखट. आप्पांनी कांदा-बटाट्याला हात लावला नाही, नुसता ताकभात खाल्ला आणि सोबतच्या फडक्यातून गाळून तांब्यात पाणी भरून घेतलं. तिथून बैलगाडी करावी लागते. भाडं आधी ठरवा, नाहीतर उतरताना रस्ता लांब होतो. गाडी डोंगराच्या पायथ्याला सोडते आणि वर पायवाटेने चढायचं. कॅमेऱ्याची पेटी पाठीवर घेऊन चढताना मला स्टुडिओतल्या पडद्याची किंमत कळली. तळं भिंतीला टांगलेलं असावं, यात फार सोय आहे.

पण वर पोचलो आणि मी पेटी खाली ठेवायचीही विसरलो. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये कुणीतरी ओंजळीत धरावं तसं पाणी. चौथ्या बाजूला जुना दगडी बांध. वारा नव्हता. पलीकडच्या डोंगरावरचं एकेक झाड पाण्यात उलटं, आणि कुठलं खरं हे सांगायला पाखरू उडावं लागत होतं.

गंगाक्का बांधावरच उभ्या होत्या. "आलासा? मला वाटलं, येत न्हाईत."

आप्पांनी घरात जाण्याआधीच आपली अडचण सांगून टाकली. "आक्का, सूर्य बुडायच्या आत जेवणार. नंतर आग्रह नको."

"मंग चूल लवकर घालते. आनि लवकर इझवते. अण्णाला अंधारच पायजे की." बाईंच्या सगळं ध्यानात आलं होतं. नाचण्याची भाकरी, कुळथाचं पिठलं, वर लोण्याचा गोळा. उन्हं अजून डोंगरमाथ्यावर होती आणि आमची जेवणं उरकलीही. मी आयुष्यात इतक्या लवकर रात्रीचं जेवलो नव्हतो. वाडीत बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की आज तळ्याकडं कुणी दिवा नाही की चूड नाही. तसंही रॉकेल रेशनवर मिळतं. लढाईने अंधार तेवढा मुबलक केलाय.

काळोख पडायच्या आत मी कॅमेरा उत्तरेला तोंड करून पाण्याच्या कडेला रोवला. पलीकडच्या डोंगरावरच्या एका झाडावर फोकस बांधला, तिपाईच्या पायांना दगड लावले. ध्रुव आपल्याकडं फार वर नसतो, डोंगराच्या माथ्यापासून हातभर उंच टेकलेला दिसतो. मला तो नेमका चौकटीत हवा होता, वर एक आणि पाण्यात एक. पहिली प्लेट माझ्याच कोपराच्या धक्क्याने गेली. प्लेटचा होल्डर नीट बसायच्या आत त्याचं झाकण सरकलं आणि वर अजून संधिप्रकाश होता. लढाईमुळे प्लेटा औषधालाही मिळत नाहीत, मला माझाच राग आला. ती बाजूला ठेवली आणि पूर्ण अंधार झाल्यावर दुसरी उघडली.

मग फक्त बसायचं. घोंगडी आणा, दोन आणा. मार्गशीर्षातली थंडी खालून जमिनीतून चढते. मी मधूनमधून भिंगावरचं दंव मऊ फडक्याने टिपत होतो. आप्पा मांडी घालून बसले होते. गंगाक्का थोड्या अंतरावर गुडघ्याला मिठी मारून.

वर काय होतं ते सांगायला माझी लेखणी अपुरी आहे. बेळगावात आपण आकाश बघतो ते गल्लीच्या रुंदीएवढं. इथं ते डोंगरापासून डोंगरापर्यंत होतं, आणि खाली तेवढंच पुन्हा. मधली काठाची काळी रेघ तेवढी जमीन.

"ते बघा तिकांडं वर आलं," आक्का म्हणाल्या. मृगाच्या तीन चांदण्या पूर्वेच्या डोंगरावर सरळ उभ्या होत्या. सप्तर्षींना त्या बाजलं म्हणतात. "बाजलं उगवायला पहाट व्हतीया. नारू बारका हुता तवा त्येला वाटायचं, चांदण्या पान्यातच ऱ्हात्यात आनि वर दिसत्यात त्या नुसत्या सावल्या. काठी घालून ढवळायचा आनि म्हनायचा, आई, बघ, समद्या पळाल्या."

"मग?"

"मंग मी सांगायची, गप बस, परत येत्यात."

आप्पा हळूच म्हणाले, "दत्तू, तहान लागलीय बघ. समोर एवढं पाणी आणि तेबी चांदण्या घालून थंड केलेलं."

"मग प्या."

"बेडा, बेडा." नको म्हणताना आप्पा हमखास कानडीत जातात. "सूर्य उगवू दे."

पहाटेच्या बाजूला मी प्लेट झाकली. उजाडायच्या आत आक्कांच्या भाताच्या कोठीच्या खोलीत, तांबड्या काचेच्या कंदिलावर, तळ्याचंच पाणी आप्पांच्या फडक्यातून गाळून घेऊन ती काच धुतली. पाणी गार असल्याने आकार उमटायला फार वेळ लागला. पण जेव्हा उमटला तेव्हा मी भाताच्या पोत्यावरचा कंदील आणखी जवळ ओढला. प्रत्येक तारा कमानीसारखा वळलेला. ध्रुवाभोवती कमानीवर कमानी, आणि पाण्यात त्याच उलट्या. मध्ये डोंगराची कोरी पट्टी. इतकी वर्षं मी पोरांची तोंडं काचेवर उतरवतोय, पण असं काही माझ्या हातून निघालं नव्हतं. मनातल्या मनात मी ती पुण्याच्या प्रदर्शनात टांगूनही आलो.

ऊन अंगणात आल्यावर मी उन्हात छापायचा कागद चौकटीत काचेखाली घातला. हा कागद उन्हानेच हळूहळू तांबूस होतो, चित्र डोळ्यांदेखत येतं. वाडी जमली होती. आक्का हात पुसत पुढं आल्या. आधी डोंगर आला, मग पाणी, मग आकाश.

आणि जमलेले सगळे एक पाऊल मागं सरले.

आक्कांची जाऊ मागून डोकावली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई! समद्या तुटल्यात की गं!"

मला आधी कळेना. मग कळलं. आपल्याकडं चांदणी तुटताना दिसली की माणसं काय म्हणतात, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? तुटलेली चांदणी म्हणजे कुणीतरी गेलं. एक दिसली तरी बाया तोंड फिरवतात. मी या बाईंच्या अंगणात आभाळातल्या सगळ्या चांदण्या एकदम तोडून ठेवल्या होत्या. आणि यांचा मुलगा लढाईवर, त्याचं दसऱ्यापासून पत्र नाही.

मी घाईघाईने समजावू लागलो. चांदण्या तुटल्या नाहीत, पृथ्वी फिरते, आपण फिरतो, म्हणून त्या रेघा दिसतात.

"आमी कुटं फिरतोय?" एक म्हातारा म्हणाला. "आमी तर हितंच हाय."

आक्का चौकटीकडं बघत राहिल्या होत्या. कागद उन्हात राहून काळवंडून वाया चालला होता, तरी मला तो उचलायचं सुचलं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "ह्यो त्येला धाडू नगासा." आणि गोठ्यात निघून गेल्या. बराच वेळ शेण काढल्याचा आवाज येत होता. गोठा सकाळीच झाडलेला होता.

मी ओट्यावर बसलो. आप्पा शेजारी बसले. "शास्त्र बरोबर सांगितलंस तू," ते म्हणाले, "पण तिनं तुला शास्त्र विचारलं नव्हतं."

दुपार व्हायच्या सुमाराला आक्का बाहेर आल्या. आंघोळ केलेली, केस ओले. हातात ताटली, त्यात हळदकुंकू आणि तांदूळ. आमच्याकडं फुटकी मूर्ती किंवा अशुभ वाटलेली वस्तू घरात ठेवत नाहीत, फेकतही नाहीत, पाण्यात सोडतात.

"अण्णा, एक मागू? ती काच तळ्यात सोडा. पान्यातल्या चांदण्या हायत्या, पान्यात जाऊ द्यात. तुमचं नुसकान व्हतंय, कळतंय मला."

मी आत गेलो. कोठीच्या खोलीत दोन काचा होत्या. एक ती, आणि दुसरी कोपराने घालवलेली, मीच पहाटे त्याच पाण्यात धुऊन ठेवलेली, नुसती काळीढुस्स. फडक्यात गुंडाळली तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मी धंदेवाला माणूस आहे, मला हे सुचायला वेळ लागला नाही. दोन्ही हातांत दोन काचा धरून मी उभा राहिलो.

दारात आप्पा आले. त्यांनी एकदा एका हाताकडं पाहिलं, एकदा दुसऱ्या. मी चिडून म्हणालो, "आप्पा, ही पुन्हा होणार नाही."

"न्हाई होणार," आप्पा म्हणाले आणि दारातून बाजूला झाले.

बाहेर आक्का ताटली घेऊन उन्हात तशाच उभ्या होत्या. त्यांनी काच बघायला मागितली नव्हती. मागितली असती तर कदाचित मी वाद घातला असता. काळी काच मी पोत्यावर ठेवली आणि दुसरी घेऊन बाहेर आलो.

बांधावरून त्यांनी कुंकू लावलं, तांदूळ टाकले आणि मी काच पाण्यावर आडवी धरून सोडली. ती डोलत डोलत खाली गेली, उन्हात एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली. पुण्यकर्म केल्यासारखं काही मला वाटलं नाही. वाईट वाटलं. अजून वाटतं.

पण नारूला फोटो जायचा तो राहिलाच होता आणि माझ्याकडं एक धड प्लेट होती. आता चांदणी हलायच्या आत फोटो काढायला हवा होता. पुऱ्या अंधारात तेवढ्या वेळात तळंच दिसलं नसतं. मी डोकं धरून बसलो होतो आणि तिकडं आप्पा आदल्या दिवसासारखे पश्चिमेकडं तोंड करून घाईघाईने भाकरी मोडत होते, एक डोळा सूर्यावर.

"आप्पा, सूर्य बुडाल्यावर पहिली चांदणी कधी दिसते?"

"लगेच. काल त्या डोंगराच्या खिंडीवर होती, शुक्राची. मी हात धुऊन वर बघतो तेव्हा असतेच ती. रोजचीच."

मी भाकरी टाकून उठलो. कॅमेरा पश्चिमेला फिरवला. सूर्य गेला, आभाळ निवलं, आणि खिंडीवर शुक्र एवढा ठसठशीत उगवला की पाण्यातही एक लगेच उमटला. डोंगर अजून दिसत होते. पाण्यावर उजेडाची साय होती. याच वेळी पश्चिमेच्या शेतातून माणसं चूड पेटवून बांधावरून परततात. एक जरी चौकटीत आली तरी खेळ खलास.

"मी जाऊन थांबवते," म्हणून आक्का बांधाच्या पार टोकाला गेल्या. मी लांबून ओरडलो, "आक्का, मी हाक मारेपर्यंत कुणी हलायचं न्हाई!"

भिंगाचं झाकण काढलं. कॅम्पात राहून मला पलटणीच्या कवायतीच्या तालावर मोजायची सवय आहे. लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट मनात म्हणत गेलो आणि झाकण लावलं. इतक्या थोड्या वेळात चांदणीला रेघ व्हायला सवड नव्हती. काच नीट झाकलीय ना, होल्डर नीट बंद आहे ना, हे मी तीनतीनदा चाचपत घरी आलो. आता या प्लेटला इथं हात लावायचा नव्हता, बेळगावात आपल्या अंधाऱ्या खोलीतच धुवायची.

आक्का मात्र बऱ्याच वेळाने आल्या. पुरता काळोख झाला होता. "कुठं होता?" विचारलं, तर "हितंच की" म्हणाल्या आणि आमच्या अंथरुणांचं बघायला गेल्या.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. गाडीवान तोच, आप्पा तेच, मोटार उताराला असल्याने ढकलावी लागली नाही. आप्पा बेळगावला मोटार बदलून निपाणीला गेले. जाताना म्हणाले, "दत्तू, पुन्हा कधी अंधारात बसायचं असंल तर सांग. वखारीत पोरं फार दिवे लावतात."

काय राहिलं, असं लोक विचारतात. प्रदर्शनात टांगण्यासारखं काही राहिलं नाही. त्या कमानी मी, आप्पांनी आणि देवखोलच्या वाडीने पाहिल्या. आम्ही सांगू तेवढ्याच. तुम्ही गेलात तर अमावास्या धरून जा, थंडीत जा, खाणंपिणं दिवसाउजेडी उरका आणि काढलेला फोटो तिथं कुणाला दाखवायच्या आधी दोनदा विचार करा.

शुक्राची प्लेट बेळगावात धुतली. साधी होती. डोंगर, खिंड, एक चांदणी वर, एक पाण्यात, दोन्ही टिंबासारख्या नेटक्या. बांधाच्या टोकाला पाण्याच्या उजेडावर एक काळा खुंट आलेला, तेवढाच डोळ्यांत खुपत होता. बाजाराच्या दिवशी आक्का आल्या तेव्हा मी काच मेजावर ठेवून पेन्सिल टोकदार करत होतो. चेहऱ्यावरचे देवीचे वण आम्ही रोज असेच काढतो. खुंट म्हणजे काहीच नाही.

त्यांनी आधी छापलेला फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. दारापाशी उजेडात नेला. "व्हय," म्हणाल्या, "ह्ये आमचं तळं. हे असंच असतंय." मग माझ्या मेजाकडं आल्या. "हे काय करतासा?"

"हा खुंट मध्ये आलाय आक्का, तो घालवतो. जरा पेन्सिल फिरवली की गेला."

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "खुंट न्हाई वो अण्णा. मी हाय ती. तुमी म्हनलासा, हाक मारस्तवर हलू नका. हाक मारायची तुमीच इसरलासा."

त्या काळोखात, त्या थंडीत, ही बाई किती वेळ...

"आक्का, मग मला सांगायचं तरी त्या रात्री!"

"काय सांगायचं त्यात. उभी ऱ्हायलेच हुते." त्या अजून फोटोकडं बघत होत्या, अंगठ्याचं नख त्या तिळाएवढ्या डागाशेजारी टेकवून. मग माझ्या हातातली पेन्सिल त्यांनीच काढून मेजावर ठेवली.

"ऱ्हाऊ दे तसंच. तळं बघंल आनि घरात कोन हाय का न्हाई, ह्येबी बघंल."

मी पाकीट केलं, पत्ता लिहिला. आक्का दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या, चपला घालून. "चला बिगी बिगी. टपाल निघायच्या आत जाऊ." भर बाजाराच्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांच्या मागोमाग निघालो.